पैसा कोणाचा, पुरावा कोणता?

फेब्रुवारी २०१२ मध्ये अमेरिकेतल्या ‘टाइम’ साप्ताहिकाने एक बातमी दिली आणि तिथल्या पर्यावरण चळवळीत खळबळ उडाली. ‘सिएरा क्लब’ ही त्या देशातली सर्वांत जुन्या आणि वजनदार पर्यावरण संस्थांपैकी एक. जॉन म्युर यांनी १८९२ मध्ये तिची स्थापना केली. कोळशावर चालणारी वीज केंद्रे बंद करावीत म्हणून या संस्थेने देशभर मोहीम उघडली होती. या मोहिमेसाठी २००७ ते २०१० या काळात अडीच कोटी डॉलरहून अधिक रक्कम आली होती ती ‘चेसापीक एनर्जी’कडून. ही कंपनी नैसर्गिक वायू काढणाऱ्या देशातल्या बड्या कंपन्यांपैकी एक. ही मदत देणारे मुख्यतः कंपनीचे प्रमुख ऑब्री मॅक्लेन्डन आणि कंपनीशी संबंधित लोक होते. सामान्य सभासदांना याचा पत्ता नव्हता.

हिशेब सरळ होता. कोळशाचे केंद्र बंद पडले की विजेसाठी दुसरे इंधन लागणार, आणि ते बहुतेक ठिकाणी वायू असणार. कोळशाविरुद्धची मोहीम जिंकली तर वायू विकणाऱ्याचा धंदा वाढणार.

मग ती मोहीमच खोटी होती का? इथे उत्तर देण्याची घाई करू नये.

कोळशाबद्दल ते बरोबर होते

कोळसा जळताना राखेचे बारीक कण, सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजनची ऑक्साइडे आणि पारा बाहेर पडतो. सल्फर डायऑक्साइडपासून हवेतच सूक्ष्म सल्फेट कण तयार होतात आणि ते वाऱ्याबरोबर शेकडो किलोमीटर जातात. अडीच मायक्रॉनपेक्षा लहान असलेले हे कण फुप्फुसाच्या शेवटच्या टोकापर्यंत पोहोचतात. त्यातून दमा बळावतो, रक्तवाहिन्यांना सूज येते, हृदयविकाराचा झटका आणि पक्षाघात यांचा धोका वाढतो.

अमेरिकेत या कणांमुळे किती माणसे दगावली याचा मोठा अभ्यास २०२३ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात आला. सरकारी आरोग्य विम्याखालच्या ज्येष्ठ नागरिकांच्या नोंदी त्यासाठी तपासण्यात आल्या. १९९९ ते २०२० या काळात कोळसा केंद्रांच्या सूक्ष्म कणांमुळे सुमारे ४ लाख ६० हजार जादा मृत्यू झाले, असा निष्कर्ष निघाला. कोळशातून आलेले कण इतर स्रोतांतल्या तशाच कणांपेक्षा दुपटीहून अधिक घातक दिसले. सुरुवातीच्या वर्षांत दर वर्षी ४३ हजारांहून अधिक मृत्यू होत होते. केंद्रे बंद झाली, उरलेल्यांवर धूर धुणारी यंत्रे बसली, आणि २०२० मध्ये हा आकडा सुमारे १,६०० वर आला.

म्हणजे मोहिमेला पैसा कोणीही दिलेला असो, कोळशाबद्दलचे तिचे म्हणणे स्वतंत्र पुराव्यावर टिकले.

जे बोलले गेले नाही

पैशाचा परिणाम शोधायचा तर संस्था ज्या विषयावर गप्प राहिली तिकडे पाहावे लागते. त्याच वर्षांत पेनसिल्व्हेनिया आणि न्यूयॉर्कमध्ये फ्रॅकिंगवरून वाद पेटत होता. फ्रॅकिंग म्हणजे वाळू आणि रसायने मिसळलेले पाणी प्रचंड दाबाने जमिनीत सोडून खडक फोडणे आणि त्यातला वायू काढणे. विहिरींजवळ राहणारे लोक पाण्याच्या आणि हवेच्या तक्रारी करत होते. क्लबच्या स्थानिक शाखांना विरोध करायचा होता. राष्ट्रीय नेतृत्व मात्र वायू हा कोळशापासून सौर आणि पवन ऊर्जेकडे नेणारा पूल आहे, असे सांगत होते.

या युक्तिवादात तथ्य नव्हते असे नाही. जाळल्यावर वायूतून कोळशाच्या निम्म्याच्या आसपास कार्बन डायऑक्साइड निघतो, आणि सल्फर व पारा जवळजवळ नाहीच. पण ही अर्धीच बाजू झाली. विहिरी आणि वाहिन्यांतून गळणारा मिथेन वीस वर्षांच्या काळात कार्बन डायऑक्साइडच्या ऐंशीपटीहून अधिक उष्णता धरून ठेवतो. आणि विहिरीजवळच्या गर्भवतींचे काय? पेनसिल्व्हेनियातल्या २००४ ते २०१३ मधल्या ११ लाखांहून अधिक जन्मांचा अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. फ्रॅकिंगच्या विहिरीपासून एक किलोमीटरच्या आत राहणाऱ्या मातांची बाळे अडीच किलोपेक्षा कमी वजनाची जन्मण्याची शक्यता सुमारे २५ टक्क्यांनी वाढलेली आढळली. तीन किलोमीटरच्या पलीकडे हा परिणाम दिसला नाही.

२०१० मध्ये क्लबची सूत्रे मायकेल ब्रून यांच्याकडे आली. त्यांनी हा निधी बंद केला, आणखी सुमारे तीन कोटी डॉलरची संभाव्य मदत नाकारली आणि नंतर वायूविरुद्धही मोहीम उघडली. २०११ मध्ये मायकेल ब्लूमबर्ग यांच्या संस्थेने कोळसाविरोधी मोहिमेला पाच कोटी डॉलर जाहीर केले. ही देणगी मात्र पहिल्या दिवसापासून उघड होती. एका अब्जाधीशाने देशाच्या ऊर्जा धोरणावर किती प्रभाव टाकावा, हा वाद त्यावर घालता येतो आणि अमेरिकेत तो घातलाही गेला. देणगी गुप्त असती तर तो वादही घालता आला नसता.

हीच कसोटी उद्योगांनाही

औषधांच्या बाबतीत वैद्यकशास्त्राने हा धडा उशिरा घेतला. १९६७ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये हृदयविकार आणि आहार यांवर एक आढावा छापून आला. त्यात साखरेचा दोष हलका करून बोट चरबीकडे दाखवले होते. साखर उद्योगाने त्यासाठी हार्वर्डच्या संशोधकांना पैसे दिले होते, हे जुन्या कागदपत्रांतून २०१६ मध्ये जगापुढे आले. आज संशोधकाला हितसंबंध जाहीर करावे लागतात. तसे जाहीर केले म्हणून संशोधन खोटे ठरत नाही. कुठे जास्त बारकाईने पाहायचे एवढे वाचणाऱ्याला कळते.

हवेच्या बाबतीत याहून पुढचा मार्ग निघाला. १९९३ मध्ये हार्वर्डच्या सहा शहरांच्या अभ्यासात आठ हजारांहून अधिक प्रौढांची चौदा ते सोळा वर्षांची माहिती मांडली गेली. सर्वांत प्रदूषित शहरात मृत्यूचा धोका सर्वांत स्वच्छ शहरापेक्षा २६ टक्क्यांनी जास्त होता. या अभ्यासावर १९९७ मध्ये सूक्ष्म कणांचे मानक ठरले तेव्हा उद्योगांनी आकड्यांवर शंका घेतली. मग मूळ माहिती ‘हेल्थ इफेक्ट्स इन्स्टिट्यूट’कडे फेरतपासणीला गेली. या संस्थेला निम्मा पैसा सरकारी पर्यावरण खाते देते आणि निम्मा मोटार उद्योग. २००० मध्ये निकाल आला: मूळ निष्कर्ष बरोबर होता. दोन्ही बाजूंचा पैसा घेणाऱ्या संस्थेने दिलेला हा निकाल उडवून लावणे कोणालाच सोपे नव्हते.

आपल्याकडची गोष्ट

भारतातही वाद कोळशावरूनच पेटला. २०१३ मध्ये मुंबईतल्या कन्झर्वेशन अॅक्शन ट्रस्टने ‘ग्रीनपीस इंडिया’च्या साथीने एक अहवाल काढला. कोळसा केंद्रांच्या प्रदूषणामुळे २०११-१२ या एका वर्षात देशात ८० हजार ते १ लाख १५ हजार अकाली मृत्यू झाले असावेत, असा त्यातला अंदाज होता. तो मॉडेलवर आधारलेला होता. त्याची पद्धत खुली होती आणि पुढच्या वर्षी तो शास्त्रीय नियतकालिकातही आला. म्हणजे कोणालाही तो तपासता, खोडता येण्यासारखा होता.

जून २०१४ मध्ये गुप्तचर विभागाचा एक अहवाल वर्तमानपत्रांत फुटला. परदेशी पैशावर चालणाऱ्या संस्थांच्या आंदोलनांमुळे देशाच्या विकासदराला दोन ते तीन टक्क्यांचा फटका बसतो, असे त्यात म्हटले होते. हा आकडा कसा काढला, हे तपासायला लोकांच्या हाती काही नव्हते. जानेवारी २०१५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने ‘ग्रीनपीस इंडिया’चा अडवलेला परदेशी निधी मोकळा करण्याचा आदेश दिला. त्याच वर्षी सरकारने परदेशी देणगी कायद्याखालची तिची नोंदणी आधी स्थगित आणि मग रद्द केली. आपला बहुतेक पैसा भारतीय देणगीदारांचा आहे, असे संस्था सांगत होती. २०२० मध्ये हा कायदा आणखी कडक झाला.

पण २०१५ च्याच डिसेंबरमध्ये केंद्र सरकारने औष्णिक केंद्रांतल्या सल्फर डायऑक्साइड, नायट्रोजन ऑक्साइड आणि पाऱ्यावर पहिल्यांदाच देशव्यापी मर्यादा घातल्या. मुदत दोन वर्षांची होती. ती पुन्हा पुन्हा वाढत गेली, आणि जुलै २०२५ मध्ये बहुतेक केंद्रांना सल्फर डायऑक्साइडच्या अटीतून सूट मिळाली. सूट देताना काही शास्त्रीय संस्थांच्या अभ्यासांचा आधार घेतला गेला, आणि पर्यावरण संस्थांनी त्याला हरकत घेतली.

चंद्रपूर, कोराडी किंवा खापरखेड्याच्या चिमण्यांच्या छायेत राहणाऱ्या माणसाने यातून काय घ्यावे? पर्यावरण संस्थेचा अहवाल असो, वीज कंपनीचा असो की सरकारचा, चार प्रश्न विचारता येतात. पैसा कोणी दिला आणि ते आधीच सांगितले होते का? आकडा कसा काढला हे उघड आहे का? दुसऱ्या कोणी, शक्यतो विरुद्ध बाजूच्या पैशावर, तो तपासून पाहिला का? आणि हे सांगताना कोणती गोष्ट वगळली?

पहिल्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की बहुतेक वाद तिथेच थांबतात. ‘परदेशी पैसा’ म्हटले की एक बाजू जिंकल्यासारखी वाटते, ‘कंपनीचा पैसा’ म्हटले की दुसरी. पण फुप्फुसात गेलेल्या कणाला देणगीची पावती चिकटलेली नसते. चिमणीतून किती सल्फर निघाला, परिसरात दम्याचे किती रुग्ण दाखल झाले, किती बाळे कमी वजनाची जन्मली, हे मोजता येते. ती मोजणी नियमित व्हावी आणि सर्वांना पाहता यावी, ही मागणी करायला कोणत्याही देणगीदाराची गरज नाही.