हिलोचे अँथुरियम : ऊसमजुरांच्या परसातील फूल

अमेरिकेच्या संघराज्यात १९५९ साली सामील झालेले हवाई हे पन्नासावे राज्य. प्रवाशांच्या दृष्टीने ते समुद्रकिनाऱ्यांचे आणि पुष्पमालांचे राज्य असले, तरी गिरमिटियांच्या वंशजांस त्याची ओळख निराळ्या वाटेने पटावी. मॉरिशस, फिजी, गयाना व त्रिनिदाद येथे ऊस आला आणि उसामागून माणसे आणली गेली. तीच कथा हवाईतही घडली. फरक एवढाच की, तेथे करारावर आली ती मुख्यतः चीन, जपान आणि पोर्तुगालच्या बेटांवरील माणसे. १८५० साली हवाईच्या राजदरबाराने धनी व नोकर यांच्यासंबंधीचा जो कायदा केला, त्यात करार मोडून पळणाऱ्या मजुरास शिक्षा करण्याची तरतूद होती. १८५२ मध्ये चिनी मजुरांची पहिली मोठी तुकडी उतरली. जपानशी सरकारी पातळीवर ठराव होऊन १८८५ पासून जपानी मजूर हजारोंनी येऊ लागले. प्रत्येकाच्या गळ्यात धातूचा क्रमांकाचा बिल्ला असे, त्यास ‘बांगो’ म्हणत. हजेरी, पगार आणि दुकानातील उधारी सारे त्या क्रमांकावर चाले. मॉरिशसच्या आप्रवासी घाटावर उतरलेल्या पणजोबांचा क्रमांक ज्या कुटुंबांत अजून जपून ठेवलेला आहे, त्यांस या बिल्ल्याचा अर्थ समजावून सांगण्याची गरज नाही. हवाईतील ही करारपद्धती १९०० साली अमेरिकेचा कायदा लागू झाला तेव्हा संपली. मळे मात्र राहिले आणि मळ्यांवरची माणसेही राहिली.

या माणसांच्या परसात पुढे जे फूल वाढले, त्याची हकीकत मोठी मनोरंजक आहे. अँथुरियम मूळचे दक्षिण अमेरिकेतील कोलंबियाचे. एदुआर आंद्रे या फ्रेंच संशोधकास ते १८७६ मध्ये आढळले आणि त्याच्याच नावावरून त्याचे शास्त्रीय नाव पडले. मॉरिशसच्या वाचकांस हे फूल परके नाही. तेथील उंच, ओलसर भागात ते पुष्कळ होते, परदेशीही धाडले जाते, आणि आंद्रेचे नाव तेथल्या बोलण्यात ‘आंद्रेआनम’ या रूपाने रुळले आहे. हवाईत ते १८८९ साली सॅम्युएल मिल्स डेमन या धनिक गृहस्थाने लंडनहून आणून होनोलुलूजवळच्या आपल्या मोआनालुआ येथील बागेत लावले. म्हणजे आरंभी ते श्रीमंताच्या बागेतील कौतुक होते. मजुराच्या दारी ते पोचण्यास कित्येक वर्षे लागली. पोचले ते कोणी नेऊन दिले म्हणून नव्हे, तर एकाने दुसऱ्यास फुटवा दिला, दुसऱ्याने तिसऱ्यास दिला, अशा रीतीने.

हे फूल अळूच्या कुळातले, हे ऐकून कोकणातून गेलेल्यांच्या नातवंडांस गंमत वाटेल. अळू, सुरण आणि पावसाच्या तोंडावर कोकणच्या डोंगरातून येणारी शेवळे ही सारी त्याची भावंडे. आपण ज्यास फूल म्हणतो ते तांबडे, चकचकीत, हृदयाच्या आकाराचे पान होय. त्यास शास्त्रात महाछद म्हणतात. खरी फुले अगदी बारीक असून मधल्या दांड्यावर दाटीने बसलेली असतात. देठ कापला असता जो चीक निघतो, त्याने हातास खाज सुटते. अळू चिरणाऱ्या गृहिणीस याचे नवल वाटू नये. हवाईचे मूळ रहिवासी अळूस ‘कालो’ म्हणतात व आपल्या कुळाचा थोरला भाऊ मानतात. तेव्हा त्या बेटावर अळूचे एक दूरचे नातलग येऊन स्थिरावले, हे एका परीने योग्यच झाले.

हवाई बेटाच्या पूर्वेकडील हिलो शहर आणि त्याच्या दक्षिणेचा पुना जिल्हा येथे या फुलाचा विशेष उत्कर्ष झाला. हिलोस वर्षाकाठी सुमारे सव्वाशे इंच पाऊस पडतो. रत्नागिरीचा पाऊसही साधारण तेवढाच. पण रत्नागिरीस तो चार महिन्यांत कोसळून जातो आणि हिलोस बारा महिने रिमझिमतो. अँथुरियमला कडक ऊन सोसत नाही, कोरडी हवा सोसत नाही आणि मुळाशी पाणी तुंबलेलेही सोसत नाही. हिलोजवळच्या रानात ओहियाची झाडे व माणसाहून उंच वाढणारे ‘हापू’ नावाचे वृक्षनेचे आहेत. त्यांच्या सावलीत, ज्वालामुखीच्या भुसभुशीत खडीवर पाणी टिकत नाही आणि ओल मात्र राहते. ज्यांच्याजवळ असे रान नव्हते त्यांनी घरामागे खांब रोवून वर सावलीचे छत केले आणि नेच्याचे तुकडे, लाकडाचा भुसा, कारखान्यातून निघालेली उसाची चिपाडे मुळाशी घातली. ज्या उसासाठी आजोबा समुद्र ओलांडून आले, त्याच उसाच्या चोयट्यावर नातवाचे फूल वाढले, असे म्हणण्यात अतिशयोक्ती नाही.

धंदा म्हणून पाहता या फुलाचे दोन गुण मोठे. पहिला असा की ते टिकते. जास्वंद सकाळी उमलून सायंकाळी मिटते. अँथुरियम कापून पाण्यात ठेवले की दोन-तीन आठवडे, कधी त्याहूनही अधिक, ताजे राहते. दुसरा गुण असा की प्रत्येक नव्या पानाच्या बगलेतून एकच फूल येते, आणि पान-फूल, पान-फूल असा क्रम वर्षभर चालू राहतो. एका झाडास वर्षात थोडीच फुले येतात; परंतु ती एकदम न येता एकामागून एक येतात. मळ्यावर दिवसभराची मजुरी करणाऱ्यास असेच पीक सोयीचे. संध्याकाळी किंवा सुटीच्या दिवशी बागेत फिरावे, मधल्या दांड्याचा बुडाकडून बराचसा भाग पक्व होऊन रंग पालटला आहे अशी फुले कापावी, धुवावी, लहान-मोठी निवडून डझनावारी लावावी, की व्यापारी ती घेऊन जाई. मग ओल्या कागदाच्या कातरणात बसवून खोक्यांतून विमानाने ती मुख्य भूमीवर जात. दुसऱ्या महायुद्धानंतर विमानवाहतूक वाढली, आणि हौशीची बाग पाहता पाहता घरखर्चास हातभार लावणारी झाली.

हौस म्हणताना थोडे सावध राहिले पाहिजे. बियांपासून लावलेल्या अँथुरियमला पहिले फूल येण्यास तीन वर्षांच्या आसपास काळ लागतो आणि प्रत्येक रोप निराळे निघते. शंभर रोपांतून एखादे मनाजोगते लाभावे, ते वेगळे काढून त्याचे फुटवे करावे, हे काम हिलोच्या परसांतील माणसांनी कोणत्याही प्रयोगशाळेवाचून केले. ‘ओझाकी’ हे तांबडे, ‘निट्टा’ हे नारिंगी, ‘कोझोहारा’ हे गडद तांबडे, अशी जी वाणांची नावे पुढे बाजारात रूढ झाली ती जपानी कुटुंबांची आडनावे आहेत. ज्यांच्या वडीलधाऱ्यांस मळ्याच्या वहीत केवळ क्रमांक होता, त्यांची आडनावे अमेरिकेच्या फूलबाजारात मोठ्या व्यापाऱ्यांच्या तोंडी बसली. हवाई विद्यापीठात जपानी वंशाचेच डॉ. हारुयुकी कामेमोटो यांनी १९५० पासून या फुलाच्या संकराचे शास्त्रशुद्ध काम आरंभिले, तेव्हा त्यांच्यापुढे सामग्री होती ती बहुतांशी या परसांतूनच आलेली.

१९८० च्या सुमारास हा धंदा शिखरास पोचला. त्या वर्षी हवाईतून जवळजवळ तीन कोटी फुले विकली गेली. आणि नेमक्या त्याच वेळी बागांतून एक जिवाणूजन्य करपा शिरला. पहाटे पानांच्या कडांवर जे पाण्याचे थेंब सुटतात, त्या थेंबांच्या छिद्रांतून हा जिवाणू आत जातो. कडेला पाणीदार ठिपके दिसतात, मग पिवळी पट्टी पसरते, आणि रोग खोडात उतरला की झाड गेलेच. पावसाचा शिंतोडा त्यास एका झाडावरून दुसऱ्यावर नेतो. माळ्याची सुरीही नेते. सर्वांत दुःखाची गोष्ट अशी की, ज्या देवघेवीने हे फूल घरोघर पोचले होते तीच आता घातक ठरली. शेजाऱ्याने प्रेमाने दिलेला फुटवा वरून हिरवागार दिसे आणि आत रोग घेऊन येई. ‘ओझाकी’सारखे लाडके वाण लवकर बळी पडत. दहा वर्षांत उत्पन्न निम्म्यावर आले. मोठे बागाईतदार कसेबसे तगले. लहान बागा मोठ्या संख्येने बसल्या. त्यातच पुना शुगर कंपनीचा कारखाना १९८४ मध्ये कायमचा बंद पडला. कित्येक घरांत मजुरी आणि फूल ही दोन्ही एकदमच गेली. ऊस तर पुढे साऱ्या बेटावरून नाहीसा झाला, आणि २०१६ मध्ये माउई बेटावरील शेवटच्या मळ्याबरोबर हवाईतील उसाचा अध्यायच मिटला.

फुलाचा मात्र मिटला नाही. विद्यापीठाने काचेच्या बाटलीत ऊतींपासून रोगमुक्त रोपे वाढविण्याची पद्धत प्रसारात आणली. रोगास दाद न देणारे नवे वाण काढले. माळ्यांस सवयी बदलाव्या लागल्या. एका झाडाचे फूल कापले की सुरी जंतुनाशकात बुडवावी, मगच दुसऱ्यास हात लावावा. ओल्या पानांत शिरू नये. आजारी झाड दिसताच मायाममता न करता उपटून जाळावे. आणि ओळखीच्या माणसाचा फुटवासुद्धा महिनोन् महिने वेगळा ठेवून पाहावा. जुन्या मंडळींस यांतील शेवटची गोष्ट जड गेली असल्यास नवल नाही. पुढे हॉलंडमधील बागवानांची स्पर्धा वाढली. २०१८ च्या उन्हाळ्यात किलाउएआच्या लाव्ह्याने पुना जिल्ह्यातील सातशेंहून अधिक घरे गिळली, आणि शेते व फूलबागाही त्यांतून सुटल्या नाहीत.

अमेरिकेच्या मुख्य भूमीवर राहणाऱ्यांपैकी दक्षिण फ्लोरिडातील मंडळींस हे झाड अंगणात, सावलीखाली लावता येईल. न्यूयॉर्ककडे ते कुंडीतच ठेवावे लागते, कारण थंडी त्यास मुळीच चालत नाही. विक्रीसाठी लावणाऱ्याने प्रथम हे पाहावे की, गावात फूल डझनाने घेणारा कोणी आहे की नाही. रोपे त्यानंतर आणावी, आणि तीही रोगमुक्त म्हणून खात्रीची.

हिलोच्या बाजारात बुधवारी आणि शनिवारी सकाळी शेतकऱ्यांची गर्दी असते. पपई, केळी, अळूची पाने यांच्या शेजारी बादल्यांतून अँथुरियमच्या जुड्या उभ्या असतात: तांबड्या, नारिंगी, पांढऱ्या, आणि कडेस हिरवी झाक असलेल्याही. लांबच्या गिऱ्हाइकास विकणारी बाई देठ ओल्या वर्तमानपत्रात गुंडाळून देते.