कंट्रोल झेड नसलेली लेस

गणपतीला गावच्या घरी गेलात की टीव्हीखाली, टीपॉयवर किंवा पाण्याच्या तांब्यावर काय घातलंय ते जरा नीट बघा. दोऱ्याचा जाळीदार रुमाल असेल. बहुतेक वेळा तो क्रोशाचा असतो. पण जाळीत छोट्या छोट्या रिंगा आणि त्यांच्या कडेने बारीक फासे दिसले, तर समजा, ते टॅटिंग आहे!

टॅटिंगला सुई लागत नाही, हूकही लागत नाही. बोटाएवढी, होडीच्या आकाराची एक शटल आणि दोरा, बस्स. जर्मन भाषेत तर याला ‘होडीकाम’ अशा अर्थाचंच नाव आहे. इटालियन नाव गप्पांवरून पडलंय. युरोपात १९व्या शतकात ही कला भरपूर गाजली. १८८६मध्ये आलेल्या तेरेझ द दिल्मों यांच्या सुईकामाच्या ज्ञानकोशात टॅटिंगवर स्वतंत्र प्रकरण आहे.

आता यातली खरी गंमत. डाव्या हाताच्या बोटांभोवती दोरा घ्यायचा आणि शटल त्याच्या खालून-वरून न्यायची. दोन अर्ध्या गाठींचा मिळून एक टाका. गाठ आधी शटलच्या दोऱ्याची पडते. तो दोरा ताणला की ती उडी मारून बोटावरच्या दोऱ्याची होते. नवशिक्यांचे पहिले काही दिवस ही उडी जमवण्यातच जातात. कारण उडी चुकली की गाठ आवळून बसते, दोरा सरकत नाही आणि रिंग बंदच होत नाही. दोन टाक्यांमध्ये थोडा दोरा मोकळा सोडला की फासा तयार होतो. त्याला म्हणतात पिको. हो, साडीच्या ‘फॉल-पिको’तला पिको याच घराण्यातला!

क्रोशात चुकलं तर दोरा ओढायचा, सगळं सरसर उसवतं. टॅटिंगमध्ये तसं नाही. इथे प्रत्येक टाका म्हणजे गाठच. एकदा रिंग आवळली की ती उघडणं महाकठीण. टोकदार सुईने कोरत बसा, नाहीतर सरळ कात्री चालवा आणि नवा दोरा जोडा. थोडक्यात, इथे कंट्रोल झेड नाही.

मग चुकलं की काय करायचं? आधी चूक कुठली आहे ते बघायचं. एक पिको मोठा, एक छोटा झाला? एका रिंगेत सहाऐवजी पाच टाके पडले? राहू दे. पूर्ण रुमालात ते शोधूनही सापडणार नाही. पण रुमाल मधून बाहेर, फेरीफेरीने वाढतो. एखाद्या फेरीत रिंगाच कमी पडल्या तर तो वाटीसारखा वर उचलला जातो. जास्त झाल्या तर झालरीसारख्या चुण्या पडतात. ही चूक पुढच्या प्रत्येक फेरीत वाढत जाते. तिथे मात्र कात्री घ्यायलाच हवी. पोटात घालायची चूक कुठली आणि कापायची कुठली, हे ओळखता येणं हाच टॅटिंगमधला अर्धा अभ्यास.

उरलेलं काम खळ करते. तयार रुमाल धुवायचा, तांदळाच्या पेजेची पातळ खळ द्यायची, सपाट जागी टाचण्या लावून ताणायचा आणि वाळवायचा. थोडेफार वाकडे पिको त्यात सरळ होतात. कोकणात पेजेला तोटा नाही. फक्त ऐन पावसात हे काम काढू नका, दमट हवेत रुमाल वाळायचा नाही आणि वर बुरशीचे डाग पडतील.

मीटरवर मिळणाऱ्या मशीनच्या लेसमध्ये पहिली आणि शंभरावी नक्षी अगदी सारखी असते. हाताच्या रुमालात तसं नसतं. मधल्या फेऱ्या घट्ट, बाहेरच्या जरा सैल असू शकतात. विणता विणता हात सरावला, हे त्यावरून कळतं. पहिलीच रिंग परफेक्ट हवी म्हणून दहादा कापत बसणाऱ्याचा हात सरावणार कधी? प्रोजेक्टचं पहिलं पान, रीलचा पहिला कट, मुलाखतीतलं पहिलं वाक्य... आपलंही बऱ्याचदा तिथेच अडतं की नाही?

करून बघायचंय? सुरुवातीला बारीक दोरा नको. क्रोशाच्या दोऱ्याचा नंबर जितका मोठा तितका दोरा बारीक, म्हणून आधी कमी नंबरचा घ्या. शटल आणि बोटावरचा दोरा दोन वेगळ्या रंगांचे ठेवा, गाठीची उडी लगेच दिसेल. आणि घरातल्या जुन्या रुमालाची मागची बाजू एकदा पाहा. कुठे दोरा तुटला, कुठे नवा जोडला, सगळ्या गाठी तिथे सापडतील. तो कुणी विणला, हेही घरात विचारून घ्या.