बर्फ लोटणारी जुनी गाडी : पारख आणि निगा



पावसाचें पाणी उतार मिळाला कीं आपलें आपण वाहून जातें. हिमाचें तसें नाहीं. तें जेथें पडेल तेथें वितळेपर्यंत ठाण मांडून बसतें, आणि कडक थंडीच्या मुलखांत हें वितळणें आठवडे-आठवडे लांबतें. अमेरिकेच्या उत्तर भागांत व कॅनडांत सार्वजनिक रस्ते सरकारी यंत्रणा मोकळे करते. परंतु घरापुढील वाट, दुकानापुढील पटांगण, दवाखान्याचें आवार हीं ज्याचीं त्यानें साफ करून घ्यावयाचीं असतात. हा केवळ सोयीचा प्रश्न नव्हे. डिसेंबर २०२२ मध्यें बफेलो शहर व त्याचा परिसर यांवर हिमवादळ कोसळलें, तेव्हां रुग्णवाहिकांनाहि अनेक ठिकाणीं पोंचतां आलें नाहीं, आणि त्या वादळांत चाळीसांहून अधिक माणसें दगावलीं.

खासगी जागा साफ करून देणारे लहान कंत्राटदार तेथें गांवोगांव आहेत. पुढें पोलादी पातें बसविलेला दणकट पिकअप ट्रक हें त्यांचें मुख्य हत्यार. नवा ट्रक फार महाग, आणि काम वर्षांतून थोड्या महिन्यांचेंच. म्हणून पुष्कळजण वापरलेला ट्रक घेतात. टोराँटो, शिकागो अशा शहरीं आपल्यापैकीं अनेकांचीं मुलें-नातवंडें आज राहत आहेत. त्यांच्या दारापुढील बर्फ लोटणारी गाडीहि पुष्कळदां अशीच जुनी असते. ती कशी पारखावी व कशी सांभाळावी, याचा आज विचार करूं. भार, मीठ आणि उष्णता हे तिचे तीन शत्रू. आणि या तिघांच्या खुणा गाडीच्या रंगावर नव्हे, तिच्या पोटाखालीं सांपडतात.

प्रथम भाराची गोष्ट घेऊं. आठ फुटी पातें त्याच्या सांगाड्यासह सुमारें ३५० किलो भरतें, असें धरा. हें ओझें गाडीच्या पाठीवर नसून पुढील चाकांच्याहि पुढें लोंबत असतें. शाळेंत शिकलेली तरफ येथें आठवावी. पुढील चाकांचा आंस हा टेकू. त्याच्या पुढें १.२ मीटरवर पातें, आणि मागें ३.६ मीटरवर मागील आंस. हिशेब केला असतां पुढील आंसावर ३५० नव्हे, तर सुमारें ४६७ किलो भार वाढतो, आणि मागील आंस ११७ किलोंनीं हलका होतो. म्हणजे पुढचीं चाकें दबतात व मागचीं चाकें घसरूं लागतात. पात्यापुढें सांचणारें हिमहि हलकें नसतें. नुकत्याच पडलेल्या कोरड्या हिमाचा एक घनमीटर ५० ते १०० किलो भरतो. ओलें हिम ३०० किलोंच्या वर जातें.

म्हणून गाडी निवडतांना तिचा वर्ग पाहावा. तिकडे अर्धा टनी, पाऊण टनी व एक टनी अशीं जुनीं नांवें अद्याप रूढ आहेत. फोर्डची एफ-१५०, शेव्हरलेची १५०० ह्या पहिल्या वर्गांतल्या. २५० किंवा २५०० दुसऱ्या, आणि ३५० किंवा ३५०० तिसऱ्या वर्गांतल्या. स्वतःच्या दारापुरतें हलकें पातें अर्धा टनी गाडी ओढील. धंद्यासाठीं मात्र पाऊण टनी वा एक टनी, चारही चाकांना जोर पोंचविणारी गाडीच हवी. चालकाच्या दाराच्या चौकटीवर एक चिठ्ठी असते. तींत पुढील आंसाची भारमर्यादा स्वतंत्र दिलेली असते. पातें लावून, माणूस बसवून गाडी वजनकाट्यावर न्यावी आणि त्या आंकड्याशीं ताडून पाहावी. नंतर पुढील चाक जॅकवर उचलून, वर-खालीं धरून हलवावें. चाक खडखडलें तर बॉल जॉइंट किंवा बेअरिंग झिजलें आहे असें समजावें.

दुसरा शत्रू मीठ. अमेरिकेंत न्यू हॅम्पशायर राज्यानें १९३८ च्या सुमारास रस्त्यांवर मीठ टाकण्याचा प्रयोग केला, आणि पुढें ती रीत सर्वत्र पसरली. मिठाच्या पाण्याचा गोठणबिंदु खालीं उतरतो, म्हणून बर्फ सुटतें. पण तेंच पाणी विद्युत् प्रवाह सुलभतेनें वाहूं देतें, आणि त्यामुळें लोखंडाचें गंजणें झपाट्यानें वाढतें. कॅल्शियम क्लोराइड तर हवेंतील ओल ओढून घेतें, म्हणून लोखंडावरील ओल लवकर सुकत नाहीं.

दाराच्या कडेचा गंज कुरूप खरा, पण तो दुय्यम. खरी परीक्षा चासीची. लहान हातोडीनें ती ठिकठिकाणीं ठोकावी; घट्ट लोखंड खणखणतें, कुजलेलें बद्द वाजतें व त्याचे पापुद्रे सुटतात. कमानपाट्यांचे सांधे आणि पातें बसविण्याच्या जागा विशेष तपासाव्या. ब्रेकच्या व इंधनाच्या नळ्या बोटांनीं चांचपून पाहाव्या. जुन्या गाडीच्या पोटाला नुकताच काळा रंग फांसलेला दिसला, तर विकणाऱ्यास त्याचें कारण अवश्य विचारावें.

तिसरा शत्रू उष्णता, आणि तिचें घर म्हणजे गिअर-बॉक्स. बर्फ लोटणारी गाडी दिवसभर पुढें-मागें होत असते. इंजिन अनेक तास चालतें, पण मैल थोडेच होतात. म्हणून केवळ मैलांच्या आंकड्यावर विसंबूं नये. तासांचा आंकडा दिसण्याची सोय असल्यास तो पाहावा. स्वयंचलित गिअर-बॉक्सचें तेल सामान्यतः लाल असतें. तें तपकिरी होऊन त्यास करपल्याचा वास येत असेल तर ती गाडी सोडून द्यावी. पातें सोबत मिळत असेल तर तें उचलून दहा मिनिटें तसेंच धरावें. आपोआप खालीं येऊं लागलें तर दाबाचें तेल कोठें तरी निसटत आहे. त्याची विजेची मोटर फार प्रवाह ओढते, तेव्हां बॅटरी व विजेचा जनित्र सशक्त असणें अगत्याचें.

आतां निगा. मागील आंसाच्याहि मागें वाळूच्या गोण्या ठेवून घट्ट बांधाव्या. किती, हें पात्याच्या पुस्तिकेंत दिलेलें असतें. उलट जातांना गाडी पूर्ण थांबवूनच गिअर बदलावा. ही एक संवय गिअर-बॉक्सचें आयुष्य वाढविते. एका कामावरून दुसऱ्या कामावर जातांना वर उचललेलें पातें रेडिएटरचा वारा अडवितें. तें किंचित् तिरपें व शक्य तितकें खालीं ठेवून बेतानें हांकावें. थंडी ओसरलेल्या दिवशीं गाडीचें पोट भरपूर पाण्यानें धुवावें, आणि दर वर्षीं हिवाळ्यापूर्वीं तेथें गंजरोधक तेल फवारावें. दाबाचें तेल वर्षास बदलावें, कारण त्यांत शिरलेलें पाणी नेमकें काम पडेल तेव्हां गोठतें. हंगाम संपला कीं पातें उतरवून त्याच्या उघड्या दांड्यांना ग्रीस लावावें.

एक गोष्ट शेवटीं सांगावयाची. हें काम बहुधा पहांटे, अंधारांत, लोकांच्या दारांशीं चालतें. गंजलेली ब्रेकची नळी अशा वेळीं फुटली, तर पोलादी पात्यापुढें कोण उभें असेल याचा नेम नाहीं. म्हणून पैसे कमी असल्यास रंग उडालेली, बैठक फाटलेली, रुबाब नसलेली गाडी खुशाल घ्यावी. पण जिच्या चासीची व ब्रेकची खात्री नाहीं, ती फुकट मिळाली तरी घेऊं नये.