वऱ्हाड नक्की कोणाचं?

दोस्तांनो, आधीच सांगते, मी कॉन्व्हेंटवाली. तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका सांभाळून घ्या!

मागे टीव्हीवर वेस्ट इंडीजची मॅच सुरू होती, ग्राउंड सेंट लुशियाचं. मी आजोबांना जरा शायनिंग मारत सांगितलं, "हे एवढंसं बेट, पण इंग्रज आणि फ्रेंचांमध्ये १४ वेळा इकडून तिकडे गेलं. १८१४ मध्ये कायमचं इंग्रजांकडे, आणि १९७९ मध्ये स्वतंत्र." आजोबा म्हणाले, "अन् आपलं अचलपूर कोनाकोनाकडे होतं, माईत हाये का तुले?" झाली ना बोलती बंद! मग लायब्ररी गाठली.

१८०३ मध्ये आर्थर वेलस्लीने अडगावला भोसल्यांच्या फौजेला हरवलं आणि मग गाविलगड घेतला. हाच पुढे वॉटर्लूवाला ड्यूक ऑफ वेलिंग्टन! वॉटर्लू आम्ही घोकलं होतं, गाविलगडाचं नावही नव्हतं ऐकलं. देवगावच्या तहात वर्धा नदीच्या पश्चिमेचं वऱ्हाड भोसल्यांच्या हातून गेलं आणि निजामाला मिळालं.

पुढचा डाव तोफांचा नाही, बिलाचा. 'हैदराबाद कंटिन्जंट' नावाची फौज होती. अधिकारी इंग्रज, खर्च निजामाच्या माथी. तिची एक छावणी आपल्याच परतवाड्याला! पगार थकले की कंपनी पैसे द्यायची आणि निजामाच्या नावावर कर्ज मांडायची. मेसचं बिल थकलं की डिपॉझिटमधून कापतात ना, तसंच १८५३ मध्ये अख्खं वऱ्हाड कापलं गेलं. कापसाचा मुलूख तो, सोडतंय कोण? १९०२ मध्ये तर वर्षाला २५ लाख रुपयांवर कायमचा भाडेपट्टाच झाला. मालक मात्र कागदोपत्री निजामच! १९३६ मध्ये त्याच्या वारसाला 'प्रिन्स ऑफ बेरार' हा किताब मिळाला, कारभार इंग्रजांचाच राहिला. आपलं 'एलिचपूर' तेव्हा स्वतंत्र जिल्हा होतं, तेही १९०५ मध्ये अमरावतीत गेलं.

सेंट लुशियाच्या लोकांना १४ पैकी एकदाही कोणी विचारलं नाही. आपल्याकडेही तेच. एवढे तह, एवढे करार, पण शेतसारा भरणाऱ्या वऱ्हाडी शेतकऱ्याला विचारतो कोण?

म्हणून यंदा चिखलदऱ्याला पिकनिकला गेलात, तर गाविलगडावर नुसते फोटो काढून परतू नका. थोडं थांबा. मी आजोबांना घेऊन जाणार आहे. या वेळी ते बोलतील, मी ऐकेन.