अग्रणी आणि त्याचा ताफा

एका अग्रणीच्या मागोमाग अनेक यंत्रांनी परस्परांवर न आदळता मार्गक्रमण कसे करावे, या शास्त्राची गेली काही दशके न्याहाळू लागले म्हणजे प्रथम आठवते ती 1997 सालच्या ऑगस्टमधील कॅलिफोर्नियातील सॅन डिएगोजवळची तालीम. आठ ब्युइक मोटारी, दोहोंमधील अंतर अवघे साडेसहा मीटर, वेग ताशी शंभर किलोमीटरांच्या घरात, आणि चालकांचे हात मोकळे! प्रत्येक मोटारीने केवळ आपल्या पुढचीवर नजर ठेवून ठरावीक अंतर राखावे असा कायदा केला, तर अग्रभागी झालेली अल्पशी चूक शेपटाकडे वाढत जाते; म्हणून तेथे पुढच्या मोटारीची खबर जशी मागचीला मिळे, तशीच अग्रणीचीही बिनतारी वर्दी ताफ्यातील प्रत्येकीकडे थेट रवाना होई.

परंतु जेथे अग्रणीचा आवाज सर्वांपर्यंत पोहोचणेच अशक्य, तेथे काय करावे? याचे उत्तर निराळ्याच वाटेने आले. 1987 मध्ये क्रेग रेनॉल्ड्स यांनी संगणकाच्या पडद्यावर पाखरांचे थवे उडविले होते. 1995 मध्ये तमाश व्हिचेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी शेजाऱ्यांच्या दिशांची सरासरी घेणारे कण कल्पिले. आणि 2003 मध्ये जदबाबाई, लिन व मोर्स या त्रयीने सिद्ध केले की, शेजार क्षणोक्षणी बदलत असला, तरी ठरावीक मुदतीच्या आत अग्रणीपासून प्रत्येक अनुयायापर्यंत दुव्यांची साखळी पुनःपुन्हा जुळत राहिली, तर सर्वांची दिशा अखेर अग्रणीच्याच दिशेशी मिळते. या शास्त्रातला हाच क्षण मला सर्वांत मोलाचा वाटतो. कारण हुकूम सर्वत्र पोहोचविण्याची चिंता येथे सरली.

मात्र तो अग्रणी एकाच दिशेने जाणारा होता. वेग बदलणाऱ्या अग्रणीसाठी 2006 मध्ये हाँग, हू व गाओ यांनी प्रत्येक अनुयायाला, शेजाऱ्यांच्या आधारे, अग्रणीच्या न दिसणाऱ्या वेगाचा अदमास बांधावयास लावले. आणि 2012 मध्ये काओ व रेन यांनी, अग्रणी मोजक्यांनाच दिसत असूनही अचूक अनुसरण साधणारा, चूक किती याऐवजी ती कोणत्या बाजूला एवढ्या चिन्हमात्रावर चालणारा नियम मांडला. त्याची किंमत दुहेरी होती : यंत्रांना थरथर सुटण्याचा धोका, आणि अग्रणीच्या चपळाईची कमाल मर्यादा सर्वांना अगोदरच ठाऊक असण्याची अट. पुढे असेही नियम रचले गेले की, ज्यांत प्रत्येक अनुयायी, चूक शिल्लक आहे तोवर, आपला जोर आपणच वाढवीत जातो आणि ती मर्यादा कोणी कोणाला कळवावी लागत नाही.