पेंचच्या हिशेबात पेंच

नागपूरच्या मनीषनगरात राहणाऱ्याचा दोन नद्यांशी संबंध येतो. आमच्या भागाचे सांडपाणी पोहरा नदीकडे उतरते. नळाला येते ती पेंच, मध्य प्रदेशच्या सीमेवर तोतलाडोहला अडवलेली. नळापासून उलटे निघाले की गोरेवाड्याचे जलशुद्धीकरण केंद्र, महादुल्याचे पंपिंग स्टेशन, नवेगाव खैरीचे धरण आणि त्याच्या वर व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलात तोतलाडोह, असा पाण्याचा प्रवास उलगडतो. पाणी सोडायचे की धरून ठेवायचे हे ठरते कसे, ते समजून घेण्यासाठी मी या वाटेने फिरलो.

धरणावरचा दिवस सकाळी आठच्या नोंदीने सुरू होतो. पट्टीवरची पातळी, चोवीस तासांतला पाऊस, विसर्ग आणि बाष्पीभवन वहीत उतरते. कोणत्या पातळीला किती दलघमी, म्हणजे किती दशलक्ष घनमीटर पाणी, याचे कोष्टक तयार असते. येवा, म्हणजे धरणात आलेले पाणी, हिशेबाने निघतो: साठ्यात झालेली वाढ, त्यात सोडलेले पाणी, त्यात वाफ होऊन गेलेले. नागपूरच्या मे महिन्यात ही वाफसुद्धा मोठी वाटेकरी असते.

दोन्ही धरणांची कामे वेगळी आहेत. तोतलाडोह साठवते, त्याचा उपयुक्त साठा सुमारे 1,017 दलघमी. तिथल्या 160 मेगावॉटच्या वीजगृहातून उतरलेले पाणी खाली नवेगाव खैरीला झेलले जाते आणि तिथून वाटले जाते. शहराला, कालव्यांनी पारशिवनी, रामटेक, मौद्याच्या धानाला आणि वीज केंद्रांना. त्यामुळे वर वीज बनवायला केव्हा पाणी सोडायचे, हेही खालच्या गरजा पाहूनच ठरवावे लागते.

वर्षाचा खरा हिशेब 15 ऑक्टोबरला होतो. त्या दिवशी जो साठा हाती असतो, त्यातून बाष्पीभवन वजा होते, पिण्याचे आणि उद्योगाचे आरक्षण बाजूला निघते आणि उरलेल्यावर कालवा सल्लागार समितीत रब्बीच्या पाणीपाळ्या ठरतात. शेतकऱ्याचे सगळे लक्ष या बैठकीकडे असते.

अवघड काळ मात्र ऑगस्टचा. जलाशय प्रचालन सूची सांगते, की कोणत्या तारखेला धरण कुठवर भरू द्यायचे. पावसाळा शिल्लक असताना ते काठोकाठ भरले, तर पुढचा मोठा येवा सामावायला जागा राहत नाही. जागा ठेवली आणि नंतर पाऊस पाठ फिरवून गेला, तर उन्हाळ्यात शहर तहानते. त्यातच वरच्या अंगाला चौराई धरण झाल्यापासून पेंचचे पाणी आधी तिथे थांबते. आपल्याकडे किती येईल, हे बरेचसे तिथल्या दरवाजांवर ठरते.

या दोन्ही भीती नागपूरकरांनी लागोपाठच्या वर्षांत खऱ्या झालेल्या पाहिल्या. जुलै 2019 मध्ये तोतलाडोह मृतसाठ्याला टेकले आणि शहराला दिवसाआड पाणी मिळाले. ऑगस्ट 2020 च्या अखेरीस मध्य प्रदेशात धुवाधार पाऊस झाला, धरणांचे दरवाजे उघडावे लागले आणि कन्हान-वैनगंगेच्या काठची गावे पाण्यात गेली. भंडारा शहरातही पुराचे पाणी शिरले. म्हणून वरच्या धरणावरचा पाऊस आणि विसर्ग वेळेवर कळणे, आणि अंदाज मिळताच आधीपासून थोडे थोडे सोडत राहणे, याला मोल आहे.

पण पूर आणि टंचाई यांच्या मधले आठ महिने नदीचे काय होते? वाटपाची चर्चा पिणे, सिंचन आणि उद्योग या तीन शब्दांभोवतीच फिरते. उन्हाळ्यात दरवाजे बंद असताना नवेगाव खैरीखाली उतरून पाहावे. खडक उघडे पडलेले, डोह एकमेकांपासून तुटलेले आणि त्यांत अडकलेले मासे. मासेमारी करणाऱ्या ढिवरांचे पोट या डोहांवर आहे. पात्रातल्या वाळूत वेलवर्गीय पिकांची डांगरवाडी लावणाऱ्याला तर पाणी नसण्याइतकीच न सांगता आलेल्या पाण्याचीही भीती असते. काठच्या विहिरींनाही त्या वाळूतल्या ओलीचाच आधार.

नदीला किती लागेल? सेकंदाला एक घनमीटर पाणी सतत सोडले, तर दिवसाला 86,400 घनमीटर होते. फेब्रुवारी ते मे या चार महिन्यांत साधारण 10 दलघमी. तोतलाडोहच्या उपयुक्त साठ्याचा हा एक टक्का. एवढ्याने पेंच दुथडी वाहणार नाही, पण डोहांना जोडणारी धार टिकू शकेल. नेमका आकडा मोजणी करून, माशांच्या विणीचा हंगाम आणि पात्राची रचना पाहून ठरवावा लागेल. प्रवाहाचा काही भाग नदीच्या पर्यावरणासाठी राखून ठेवावा, असे 2012 ची राष्ट्रीय जलनीतीही सांगते.

हे पाणी आणायचे कुठून, याचे एक उत्तर शहरातच आहे. भांडेवाडीत प्रक्रिया केलेले सांडपाणी कोराडीच्या वीज केंद्राला देण्याचा प्रकल्प उभा राहिला, रोज 130 दशलक्ष लिटरचा. म्हणजे सेकंदाला दीड घनमीटर. पेंचचे तेवढे पाणी वाचते.

आज पेंचचे पाणी कन्हानला दोन वाटांनी मिळते. एक वाट नदीची, बिना संगमाजवळची. दुसरी आमच्या घरांतून पोहरा, मग नाग नदी आणि मग कन्हान. पहिली वाट उन्हाळ्यात आटते, दुसरी बारमाही वाहते आणि आपली घाण घेऊन गोसीखुर्दच्या जलाशयापर्यंत जाते. शहर नदीला पाणी परत देतच नाही असे नव्हे. ते नासवून देते. म्हणून धरणाचे नियोजन आणि शहराचे सांडपाणी हे एकाच हिशेबातले विषय मानले पाहिजेत.

माझी मागणी साधी आहे. 15 ऑक्टोबरच्या हिशेबात पिण्याच्या पाण्याखालोखाल नदीच्या नावाची ओळ असावी आणि प्रक्रिया केलेल्या सांडपाण्यामुळे वाचलेल्या पाण्यातला ठरलेला वाटा त्या ओळीत जमा व्हावा. ते पाणी केव्हा सुटणार, हे काठच्या गावांना आधी कळावे. मनीषनगरात रोज नव्या इमारती उठताहेत. प्रत्येक नव्या नळजोडणीबरोबर वाचलेल्या पाण्यावर नवा हक्क सांगितला जाईल. नदीची ओळ त्याआधी लिहिली गेली, तरच तिच्या वाट्याला काही राहील.