चार फेऱ्या आणि नऊ मीटर

पावणेसात वाजलेत. डिसेंबरातलं नाशिक. गंगापूर रोडलगतच्या मातीच्या मैदानावर इतकं दव पडलंय की बुटांची टोकं भिजलीत. सर टेप धरून सुरुवातीच्या रेघेच्या नऊ मीटर मागे फक्कीची आखूड रेघ पाडताहेत. चारशेच्या चार फेऱ्या म्हणजे १६०० मीटर, मैल १६०९चा. वरचे नऊ मी आधीच पळून टाकायचे.

वय सत्तेचाळीस. सहा मिनिटांच्या आत मैल हवाय, म्हणजे फेरी ८९ सेकंदांत. चार महिने त्याचीच तयारी चाललीय. सप्टेंबरात घाई केली आणि पोटरी धरली. या वयात दम लवकर वाढतो, टाचेमागची शीर मात्र सावकाश तयार होते. तेव्हापासून रोज जिन्याच्या पायरीवर टाचा खाली-वर करतोय. आयर्लंडचा ईमन कॉगलन १९९४ मध्ये, ४१व्या वर्षी, चार मिनिटांच्या आत मैल पळाला. चाळिशीनंतर हे करणारा पहिला माणूस. हे सरांनीच सांगितलं. शाळेत तेच मला पीटीला होते.

पलीकडे पेठ, सुरगाणा, हरसूलकडच्या मुली अंग मोकळं करताहेत. सावरपाड्याच्या कविता राऊतनं २०१० मध्ये दिल्लीच्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरचं कांस्य जिंकलं, तेव्हा यांतल्या काही जणी रांगतही नसतील. आज मात्र प्रत्येकीला ती वाट ठाऊक आहे. त्यांतली एक मला पेस देणार आहे. ऑक्सफर्डला १९५४ मध्ये मैलाला ३:५९.४ची वेळ लावणाऱ्या बॅनिस्टरच्याही पुढे आधी ब्रॅशर, मग चॅटवे धावत होते.

"काका, घड्याळ बघू नका. माझ्या पाठीकडं बघा."

शिट्टी.

पहिली फेरी हलकी जाते. "एक तीस!" दुसरीत श्वास ऐकू येतो, पण लय टिकते. "दोन एकोणसाठ!"

आता तिसरी. सुरुवातीचा जोर ओसरलेला, शेवट अजून दिसत नाही. पोटऱ्या ठीक आहेत. मांड्या जड होतात, मुठी आपोआप आवळल्या जातात. तिची वेणी एका लयीत हलतेय आणि आमच्यातलं अंतर दोन हातांवरून चार हात होतंय.

"खांदे सोड रे!" सर ओरडतात. "चार एकतीस!"

शेवटच्या वळणावर मुली व्यायाम थांबवून ओळीनं उभ्या आहेत. "चला काका, चला!" मी हात जोरानं मागे ओढतो, गुडघे उचलतो. रेघ पायाखालून जाते.

"सहा एक," सर म्हणतात.

मी गुडघ्यांवर हात टेकून वाकलेलो. घाम मातीत टपकतोय. एकच सेकंद. नाही, दोन, सहाच्या आत यायचं होतं.

"तिसरी ब्याण्णव," सर डायरीत लिहितात. "पुढचे दोन आठवडे आपण फक्त तिसऱ्या फेरीवर काम करू."

ती मुलगी तोवर आपल्या घोळक्यात परतलीय. तिचा खरा सराव आता सुरू होतोय: बारा फेऱ्या.